बंद लॅपटॉप काहून उतरतो

विश्वंभर सरांचा आवाज इशरतनं सहा वर्षांनी ऐकला, तरी मान वर करायच्या आधीच तिनं तो ओळखला. ती एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसली होती. पायरीवरून कुणीतरी विचारलं, “बद्रुद्दीनभाईंचं दुकान हेच ना? इथं लॅपटॉप बघतात म्हणे,” आणि तिची बोटं होती तिथंच थांबली.

हिंगोलीत हळदीच्या मार्केटकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे दुकान. पाटीवर अजून ‘बद्रुद्दीन रेडिओ’ असंच होतं, पण रेडिओ आता कोणी आणत नसे. पुढच्या काउंटरवर तिचे अब्बा बद्रुद्दीन घड्याळं, मिक्सर, पंखे उघडून बसत. मागचं टेबल इशरतचं. हिंगोलीतल्या दोन-तीन दुकानांनी हात टेकलेली मशीन शेवटी तिच्या टेबलावर येई, इतकं नाव तिनं कमावलं होतं.

सर आत आले. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, बाकी तेच. तिच्याकडं बघून क्षणभर थबकले आणि एकदम हसले.

“अरे, इशरत ना तू? इथं आहेस होय! बरं झालं बाई, घरचंच माणूस निघालं.”

इशरत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. कुठंतरी थोडी लाज, थोडी चुळबुळ दिसेल म्हणून तिनं नीट शोधलं. काही नव्हतं. सरांना आठवतच नव्हतं. किंवा आठवत होतं आणि त्यात आठवण्यासारखं काही वाटत नव्हतं. यातलं कोणतं जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना.

“बसा सर,” ती म्हणाली.

सरांनी पिशवीतून काळा लॅपटॉप काढला. “याला काय भूत लागलंय कळंना. संध्याकाळी पूर्ण चार्ज करून बंद करतो. सकाळी बघावं तर तीस-पस्तीस टक्के. रविवारची सुट्टी मधी आली की सोमवारी साफ मेलेला. दोघांना दाखवला. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं विंडोज नवीन टाकलं. उतरायचा तो उतरून राहिला.”

“बंद कोण करतं?”

“आहे एक पोरगी ऑपरेटर. तीच करते, तीच कपाटात ठेवते.” मग ते पुढं झुकले. “हे बघ, सोमवारी तपासणीची लोकं येऊन राहिलीत, थेट संभाजीनगरहून. सेनगावला परीक्षेचं सेंटर मिळायचंय मला. त्यांची अट आहे, मुख्य मशीन शनिवारी संध्याकाळी चार्ज करून, बंद करून, कपाटाला सील लावायचं. सोमवारी सील तेच फोडणार. मग लाईट बंद करून तासभर निव्वळ बॅटरीवर परीक्षा चालवून बघणार. आणि याच लॅपटॉपचा नंबर त्यांच्याकडं नोंदवलाय, दुसरा चालत नाही. समजलं ना? माझी सगळी इज्जत याच्यात आहे.”

“ठेवून जा,” इशरत म्हणाली. “बघते.”

सर गेले. अब्बांनी चष्म्यावरून विचारलं, “कौन था?”

“सेनगावचे सर. जहां मैं पढाती थी.”

अब्बांच्या हातातलं घड्याळ खाली आलं. त्यांना ते सगळं माहीत होतं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, असं त्यांचं होतं. ते पुन्हा घड्याळाकडं वळले.

इशरत तेव्हा तेवीस वर्षांची होती. सेनगावला सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. सकाळी हिंगोलीहून एसटीनं जायची, संध्याकाळी जीप मिळेल तशी परतायची. चार वर्षांत एक खाडा नाही. क्लासच्या मुख्य कॉम्प्युटरची डिस्क कटकट आवाज करायला लागली, तेव्हा तिनं सरांना दोनदा सांगितलं होतं, “सर, पोरांचं सगळं काम याच्यातच आहे, दुसरीकडं एक नक्कल ठेवायला पायजे.” सर म्हणाले, बघू. तिसऱ्या आठवड्यात डिस्क गेली. एकतीस पोरांचं परीक्षेचं काम गेलं, त्यांची ती परीक्षा वाया गेली.

पालक जमले. सरांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं आणि हळूच म्हणाले, “इशरत, लोक चिडलेत. तू फक्त माफी माग, चुकून पुसलं गेलं म्हण. तू बाईमाणूस, तुला कोणी काही करणार नाही. मग मी सांभाळतो.” तिनं विश्वास ठेवला. एकतीस पोरांच्या आईबापांपुढं हात जोडून, न केलेल्या चुकीची माफी मागितली. कोणीतरी ओरडलं, “हिला मशीन कशी काय देता हातात?” सर मान हलवत म्हणाले, “माझंच चुकलं, मी भरवसा ठेवला.” दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

पुढं वर्षभर काही कामानं सेनगावच्या जीपमध्ये बसली की कोणीतरी म्हणायचं, ती फायली पुसणारी बाई. तिनं तो रस्ताच सोडला.

हे सगळं आठवायला तिला वेळ लागला नाही. ते रोजच जवळ होतं.

दुपारी तिनं लॅपटॉप पुढं ओढला. राग असला तरी तिचे हात नीट चालत. आधी साध्या गोष्टी. बंद असतानाही बाजूच्या खाचेतून मोबाईल चार्ज होऊ देणारी एक सेटिंग असते, ती बघितली. बंद होती. लवकर सुरू व्हावं म्हणून मशीन पुरती न झोपता अर्धवट डुलक्या घेते, तीही सेटिंग आधीच्या कोणीतरी काढून टाकली होती. मग तिनं मागचं झाकण उघडलं, बॅटरीची तार बोर्डापासून सोडवली आणि लॅपटॉप तसाच रात्रभर ठेवला. सकाळी तार जोडून बघितलं, शंभरातला एक टक्कासुद्धा कमी नव्हता. म्हणजे बॅटरी चांगली. बोर्डच तिला पिऊन राहिला होता.

बुधवारी तिनं बॅटरीऐवजी टेबलावरच्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या वायरी लावल्या. त्या डब्यावर मशीन किती करंट ओढते त्याचा आकडा दिसतो. बंद लॅपटॉपनं जवळजवळ काही ओढू नये. आकडा आला शून्य पॉइंट एकवीस. बंद मशीन चोवीस तास एवढं खात होती.

मग तिनं ब्रशनं बोर्डावर स्पिरिटचा पातळ हात फिरवला आणि दिव्याखाली डोळे बारीक करून बघत बसली. जिथं गरम, तिथलं स्पिरिट आधी उडतं. चार्जिंगच्या खाचेजवळ तिळाएवढा एक तपकिरी कपॅसिटर सगळ्यांच्या आधी कोरडा झाला. तिनं पुन्हा हात फिरवला. पुन्हा तोच. आतून गळका झाला होता. चिमट्यानं उचलून काढायचा, बस. पाच मिनिटांचं काम.

इशरतनं सोल्डरिंगचं आयर्न हातात घेतलं. टोक गरम झालं. तिनं ते परत जागेवर ठेवलं.

शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. किती तास होतात, ते तिनं मनात मोजलं. एकवीसनं गुणलं. बॅटरी रविवारीच संपत होती.

सील फोडलं जाईल. साहेब लोक खुर्च्यांवर बसलेले असतील. सर बटण दाबतील. पुन्हा दाबतील. घाम पुसतील. सगळ्यांसमोर. तिला ते इतकं स्वच्छ दिसलं, की जिभेवर गोड काहीतरी ठेवल्यासारखं झालं.

“मिल्या क्या?” अब्बांनी पुढून विचारलं.

“नई,” ती म्हणाली. “कुछ नई है उसमें.”

धंद्यातलं खोटं ती अब्बांशी पहिल्यांदा बोलली. झाकण बसवलं, एकेक स्क्रू आवळला.

गुरुवारी सरांचा फोन आला, शुक्रवारी दोनदा आला. “बघून राहिले सर,” एवढंच ती म्हणे. त्यांच्या आवाजातली घाई तिला बरी वाटे. लॅपटॉप आधी दिला असता तर त्यांनी एक रात्र ठेवून पाहिला असता, म्हणून तिनं शनिवारी दुपारीच दिला, पूर्ण चार्ज करून.

“काय निघालं?” सरांनी विचारलं.

“काहीच न्हाई. मशीन बराबर हाय.” तिनं दुकानाच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी पुढं केली. खाली दुकानाचा शिक्का, तिची सही. *मशीन तपासली. मशीनमध्ये दोष नाही. वापरणाऱ्याकडून नीट बंद केली जात नसावी.*

वापरणाऱ्याकडून, हे लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं एकच वापरणारा होता. स्वतःला ढ ठरवणारी चिठ्ठी सर खिशात घालून घेऊन जाणार, याची तिला मनातून मजा वाटत होती.

सरांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, घडी घातली. “असं आहे होय,” ते म्हणाले आणि गेले.

सोमवारी इशरतचं कामात लक्ष नव्हतं. दहा वाजले, साडेदहा झाले. अकराला चहा आला तो तिनं गार होऊ दिला. एक वाजता फोन वाजला. सरांचं नाव. तिनं तो थोडा वाजू दिला, मग उचलला. शिव्या ऐकायची तिची तयारी होती. शिव्यांना काय उत्तर द्यायचं तेही ठरलं होतं.

“इशरत,” सर म्हणाले, “तुझं बराबर निघालं बघ.”

“काय झालं?”

“मेला! सील फोडलं, बटण दाबलं, काळाकुट्ट. साहेब उठायलाच लागले होते. पण तुझी चिठ्ठी होती ना खिशात! ती वाचून दाखवली. म्हणलं, मशीनमध्ये दोष नाही, हे बघा मेकॅनिकचं लिहिलेलं. ही पोरगी बंद करत नाही नीट, चालूच कपाटात ठेवला तिनं. त्यांना पटलं. माणसाच्या चुकीला एक संधी देऊ म्हणाले, महिन्याभरानं पुन्हा येतील. तुझ्या चिठ्ठीनं वाचवलं बघ मला.”

“आणि ती पोरगी?”

“तिला तिथंच माफी मागायला लावली साहेबांपुढं. आणि हाकलली. बरं, येतो एकदा तिकडं, चहा घेऊ.”

फोन बंद झाला. इशरतनं तो टेबलावर ठेवला. तिनं रचलेला सूड सरांच्या अंगाला न लागता पलीकडं गेला होता, आणि जाता जाता सरांना वाचवून गेला होता. वर ते चहाला येणार होते.

मंगळवारी ती पोरगी स्वतःच दुकानात आली. एकवीस-बावीसची, सडपातळ, खांद्याला पर्स. एसटीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. रडलेली नव्हती. रागानं जळत होती.

“इशरत म्याडम कोण हायत?”

“मीच.”

“मी कोमल. साखऱ्याची. सेनगावला सरांकडं ऑपरेटर व्हते.” तिनं मोबाईल पुढं धरला. त्यात चिठ्ठीचा फोटो होता. “हे तुमी लिवलं का?”

“व्हय.”

“तर मग मला समजून सांगा. मी शनिवारी सरांसमोर शटडाऊन केलं. पडदा काळा झाला. मशीनवरली लाईट विझली. मी झाकण लावलं, सरांनी कपाटाला सील लावलं. मग चालू कसा राहिला? तुमी मेकॅनिक हाव ना. सांगा, मी काय चुकले. चुकले आसंल तर मला पटू तर द्या.”

इशरतला खरं तर वेगळंच बोलायचं होतं, पण तोंडातून आधी आलं ते हे. “सरांचं तोंड कसं झालं व्हतं? बटण दाबल्यावर?”

कोमल तिच्याकडं बघत राहिली. “काय?”

“काही न्हाई. बस.”

“मला बसायचं न्हाई. सरांचं तोंड काहून पायजे तुमाला?”

पुढं काउंटरवर अब्बांचे हात थांबले होते. इशरतनं सांगायला सुरुवात केली. कपॅसिटरपासून. मग मागं जाऊन डिस्क, एकतीस पोरं, हात जोडून मागितलेली माफी. काही लपवलं नाही. सांगता सांगता तिला वाटत होतं, ही पोरगी समजून घेईल. हिच्याही बाबतीत तेच झालंय, त्याच खोलीत, त्याच माणसानं केलंय.

कोमलनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “बंद मी करते, हे तुमाला म्हाईत व्हतं का?”

इशरतला खोटं बोलता आलं असतं. “सर बोलले व्हते. ऑपरेटर पोरगी बंद करते म्हणून. मी ध्यान दिलं न्हाई.”

“ध्यान दिलं न्हाई.” कोमलचा आवाज पहिल्यांदा चढला. “तुमचं सरांशी वैर व्हतं तर सरांचा गळा धरायचा! सहा वर्षं बसून काय केलं? माझं नाव काहून घातलं त्याच्यात? माझ्या मायनं काल दिवसभर तोंडात घास घातला न्हाई. गावात लोक इचारून राहिले, काय गं, सायबाची मशीन जाळली म्हणं तू. तुमच्यासोबत जे झालं, ते सरांनी केलं. माझ्यासोबत जे झालं, ते तुमी केलं. सरांनी निस्ती चिठ्ठी वाचली.”

यातला एकही शब्द खोडण्यासारखा नव्हता.

“काय पायजे तुला?” तिनं शेवटी विचारलं.

“गुरुवारी सरांनी पालकांची मीटिंग बोलावलीय. काय झालं ते समजावून सांगणार हायत, म्हंजे माझं नाव सांगणार हायत. तिथं यायचं. सगळ्यांच्या पुढं ते मशीन उघडायचं, आन तो खराब भाग काढून दाखवायचा.”

“काढला की मशीन दुरुस्त होईल. सरांचं काम फुकटात होऊन जाईल.”

“होऊ द्या. काढल्याशिवाय कोण मानंल?”

कोमल गेल्यावर अब्बा उठून मागं आले. टेबलावरचा दुकानाचा शिक्का त्यांनी उचलला.

“चालीस साल,” ते म्हणाले, “खराब सेट को मैंने अच्छा नई बोल्या. कबी नई.” शिक्का खिशात घातला आणि ते पुन्हा पुढं जाऊन बसले. त्यानंतर आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

गुरुवारी इशरत कितीतरी वर्षांनी सेनगावच्या एसटीत बसली. मांडीवर सप्लायचा डबा, पिशवीत सोल्डरिंगचं आयर्न, चिमटा, स्क्रूड्रायव्हर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. कोमल स्टँडवर उभी होती. दोघी न बोलता क्लासपर्यंत चालत गेल्या.

पंचवीस-तीस माणसं बसली होती. सर उभे राहून बोलत होते. इशरतला दारात बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, साक्ष द्यायला आली.

“या, या! मंडळी, या आपल्या हिंगोलीच्या मेकॅनिक. यांनीच मशीन तपासली. इशरत, तूच सांग आता सगळ्यांना.” मग मागं कोमल दिसली आणि त्यांचं हसू अर्धवट राहिलं.

“लॅपटॉप द्या सर,” इशरत म्हणाली. “सांगते.”

इतक्या लोकांपुढं नाही म्हणायला सरांना कारण सुचलं नाही. तिनं टेबलावर झाकण उघडलं, बॅटरीची तार सोडवली, वायरी लावल्या. पहिल्या रांगेत एक म्हातारबा बसले होते, सोनाजी नावाचे. तिनं त्यांना ओळखलं. सहा वर्षांमागं ‘हिला मशीन कशी काय देता हातात’ म्हणून ओरडलेले तेच. त्यांची थोरली लेक त्या एकतिसांत होती. आता धाकटा पोरगा इथं शिकत होता.

“बाबा, जवळ या,” ती म्हणाली. “मशीन बंद हाय ना? बघा. पडदा काळा, लाईट न्हाई. आता हा आकडा वाचा.”

सोनाजींनी वाकून वाचला. “शून्य पॉइंट एकवीस.”

“बंद असताना इथं जवळजवळ शून्य पायजे.” तिनं आयर्न गरम केलं, तो तपकिरी दाणा चिमट्यात धरला आणि उचलून कागदावर ठेवला. “आता वाचा.”

“शून्य. पार शून्य झालं की.”

“मशीनच खराब व्हती. कोमलनं बंद करून ठेवली तरी हा दाणा बॅटरी पीत व्हता. आन हे मला शनिवारच्या आधीच म्हाईत व्हतं.”

मागची दोन-तीन माणसं उठून पुढं आली.

“मी खोटी चिठ्ठी लिवली,” इशरत म्हणाली. “सरांची फजिती व्हावी म्हणून लिवली. ती फजिती या पोरीच्या माथी गेली. सहा वर्षांमागं मी याच जागी उभी राहून तुमची माफी मागितली व्हती. ती खोटी व्हती. मी काही पुसलं नव्हतं. डिस्क खराब झालीय, नक्कल ठेवा, म्हणून मी सरांना दोनदा सांगितलं व्हतं. माफी माग, मी सांभाळतो, आसं सर बोलले म्हणून मी मागितली. आज मात्र खरी मागते. पण ती हिची.” ती कोमलकडं वळली आणि हात जोडले.

कोमलनं हात जोडले नाहीत. मानही हलवली नाही. ती सरांकडं बघत होती.

“म्हणजे!” सरांना आता आवाज सापडला. “म्हणजे गुन्हेगार ही आहे! ऐकलंत ना? स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय. माझं सेंटर बुडवायला निघाली होती ही बाई!”

“व्हय,” इशरत म्हणाली. “निघाले व्हते. पुन्हा इचारलं तरी व्हयच म्हणंन.”

“सर,” सोनाजी सावकाश म्हणाले, “ते तिचं तिनं कबूल केलं. तुमी सांगा. तवा डिस्कचं तिनं सांगितलं व्हतं का तुमाला?”

“जुनं कशाला उकरायचं सोनाजी? विषय आजचा आहे.”

“माझ्या लेकीचं वर्ष गेलं त्या टायमाला. सांगितलं व्हतं का न्हाई, एवढंच बोला.”

सरांनी खिशातून रुमाल काढला. तोंड पुसलं, मान पुसली. लोक वाट बघत राहिले. “इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाच्या लक्षात राहतंय,” ते म्हणाले.

“आन ही कोमल,” मागून एक बाई उठली, “हिला सायबापुढं माफी मागायला लावली, ते तर परवाचंच हाय. ते तरी लक्षात हाय का?”

सरांनी मग कोमलची चूक नव्हती असं म्हटलं. खाली बघत, पुटपुटत म्हटलं. “मोठ्यानं,” कोमल म्हणाली. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. कामावर परत ये, असंही ते म्हणाले. “मला यायचं न्हाई,” कोमल म्हणाली आणि बाहेर पडली.

इशरत सामान आवरू लागली, तेव्हा सोनाजी जवळ आले. तिला वाटलं, चार बरे शब्द बोलतील. ते म्हणाले, “म्याडम, तुमचं भांडण आमाला समजलं. पण सोमवारी सेंटर हुकलं. महिन्याभरानं देतील न देतील. न्हाई दिलं तर परीक्षेला आमच्या लेकराला पहाटे उठून हिंगोलीला न्यायचं कोणी?” ती डबा उचलून निघाली.

महिन्याभरानं तपासणीची माणसं पुन्हा आली. लॅपटॉप बॅटरीवर दोन तास चालला. इशरतच्याच हातानं नीट झाला होता, न चालून सांगतो कुणाला. सरांना सेंटर मिळालं. ही बातमी ऐकली त्या दिवशी इशरत जेवली नाही.

पण सेनगावच्या जीप स्टँडवर गोष्ट फिरत राहिली. सरांनी एक सोडून दोन पोरींच्या माथी आपलं खापर फोडलं, असं लोक बोलत. दिवाळीपर्यंत क्लासमधली अर्धी पोरं कमी झाली. हिंगोलीत गोष्ट दुसऱ्या टोकानं पोहोचली, बद्रुद्दीनची पोरगी मुद्दाम मशीन खराब ठेवते. इशरतचीही गिऱ्हाइकं तुटली. दोन बँका आणि एक शाळा यायची बंद झाली. अब्बा बोलायला लागले, पण शिक्का त्यांनी परत दिला नाही. आता ते तिची प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचून मग शिक्का उमटवत.

दिवाळीनंतर एका दुपारी सर आले. यावेळी हसले नाहीत. स्टुलावर बसले.

“इशरत, झालं ते झालं. माझं फार नुकसान झालंय. लोकांना एकदा एवढं सांग, की डिस्कचं तेव्हा तुझ्याकडूनच राहिलं होतं. तू माफी मागितलीच होतीस ना तेव्हा? तेच पुन्हा म्हण. मी तुला क्लासच्या सगळ्या मशीनचं काम देतो.”

इशरतनं हातातलं काम खाली ठेवलं. “त्या खोलीत जा सर. तेच लोक बोलवा. सोनाजीबाबाला पुढं बसवा. हात जोडा आन सांगा, इशरतनं दोनदा सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई, आन तिच्या माथी मारलं. मग माझ्या दुकानात या.”

“माझं वय बघ जरा. या वयात लोकांपुढं हात जोडायचे?”

“माझं तेवीस व्हतं,” ती म्हणाली. “उठा. गिऱ्हाईक उभं हाय.”

गिऱ्हाईक नव्हतं. सरांनी मागं वळून बघितलं, त्यांनाही ते दिसलं. तरी ते उठले. पायरी उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. ते रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत इशरत बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. आत खोलवर, हाडापर्यंत बरं वाटत होतं, आणि त्याची तिला बिलकूल शरम वाटली नाही.

हे कोणालातरी सांगावंसं तिला वाटलं. अब्बांना सांगण्यासारखं नव्हतं. याची चव कळणारं माणूस एकच होतं. कोमल आता हिंगोलीतच एका हळद व्यापाऱ्याकडं कॉम्प्युटरवर बसे. मार्केटच्या रस्त्यानं जाता-येता दिसे, पण दुकानाकडं कधी बघत नसे. नंबर इशरतकडं होता. तिनं फोन लावला.

“कोण?”

“मी इशरत. सर आले व्हते आत्ता.” तिनं सगळं सांगितलं. स्टूल, मशीनच्या कामाचं आमिष, नसलेलं गिऱ्हाईक, पायरीवरचा आधार.

पलीकडं मार्केटमधल्या हमालांचा आवाज येत होता.

“भिंत धरली का?” कोमलनं विचारलं.

“धरली.”

“बरं केलं तुमी.” मग ती म्हणाली, “आता मला पुन्हा फोन करू नका.”

आणि तिनं फोन ठेवला.